म्हशीचा कान

दुकानदार माझ्याशी बोलतच नव्हता. मासे शोधायचा फिश फाइंडर मला घ्यायचा होता, कायाक माझी होती, आणि हा बाबा सगळं माझ्या लेकीला समजावून सांगत होता. मी शेजारी उभी, दवाखान्यात आणलेल्या पोरासारखी.

"ताई, पडदा कुठलाही घ्या, खरा खेळ ट्रान्सड्यूसरचा," तो तिला म्हणाला. "हा पाण्यात आवाज सोडतो आणि तळावर आपटून परत आलेला ऐकतो. मधे मासा आला तर तोही कळतो. म्हणजे कानच म्हणा. कान लावायचा कुठं, एवढंच ठरवायचं."

"ते मला सांगा," मी म्हटलं. "वल्हं मी मारते."

"हो का, मावशी?" तो हसला. ते हसू मला आवडलं नाही.

मी आयुष्यभर लोकांच्या कवळ्या केल्या. डॉक्टर माप घेऊन पाठवायचे, आणि आमच्या प्रयोगशाळेत त्यावरून दात घडवायचं काम माझं. निवृत्त झाले आणि कायाक घेतली, वर बसून वल्हवायची, जाड प्लॅस्टिकची एकटीपुरती होडी. तिला मी म्हैस म्हणते, कारण एकदा तलावात शिरली की बाहेर यायला राजी नसते. गेल्या महिन्यात वाऱ्यानं ती उलटली. लेक नेमकी त्या दिवशी काठावर होती. तेव्हापासून घरात मी म्हणजे काचेचं भांडं.

दुकानदारानं तीन प्रकार मांडले. एक कायाकच्या कडेला दांड्यावर लटकणारा. दुसरा तळाला, पाणी निचरायच्या भोकात बसणारा. तिसरा कायाकच्या पोटात आतून चिकटवायचा. त्याचा आवाज प्लॅस्टिकमधून आरपार जातो.

लेकीनं पहिल्यावर बोट ठेवलं. "हाच घेऊ. काढता-घालता येतो."

"काढायचा कशाला?"

"असंच. धुवायला वगैरे."

"दिवसभर पाण्यात असतो आणि धुवायला काढायचा?"

दुकानदाराला वाटलं, आपण मदत करावी. "तसं नाही मावशी. नवीन मालकाला नको असला तर हा तुमच्याकडेच राहील ना. ताईंनी कायाकला गिऱ्हाईक बघायला सांगितलंय. एकाला मी नंबर दिलाय त्यांचा."

लेक भिंतीवरच्या गळांच्या पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचू लागली. तिला गळांतलं ओ की ठो कळत नाही.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पाण्यात म्हैस, बाहेर मोल, ही म्हण लहानपणापासून ऐकत आले होते. पण म्हैस माझी आणि बाहेर मोल करणारी माझ्याच पोटची, हे काही ऐकलं नव्हतं. रागात खरेदी करू नये म्हणतात. मी केली, पण डोळे उघडे ठेवून.

"भोकातला नको," मी म्हटलं. "धक्क्याचा उतार खडबडीत आहे आणि म्हैस मी एकटी ओढत नेते. चार दिवसांत त्याचं तोंड घासून जाईल. दांड्याचा तर मुळीच नको. उलटल्यावर कडेवरून पोटावर घसरत वर यावं लागतं. त्या दिवशी तिथं दांडा असता तर एक तर तो मोडला असता, नाहीतर माझी बरगडी."

"पण ताई म्हणाल्या, तुम्हाला मोटरबोटवाल्यांनी काढलं."

"मोटरबोट आली तेव्हा मी वर बसून वल्ह्याकडं बघत होते. ते तेवढं त्यांनी काढलं."

लेकीनं मान वर केली.

"तिसरा द्या," मी म्हटलं. "काढता न येणारा."

"मावशी, तो एकदा चिकटला की चिकटला. आवाजाचा थोडा जोर प्लॅस्टिक खाणार. शिवाय पाणी किती गार आहे ते कळणार नाही."

"ते मला माझं बूड सांगतं."

या खेपेला तो मनापासून हसला आणि तिसरं खोकं काढलं.

आम्ही घरी आलो. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये म्हैस दोन स्टुलांवर ठेवलेली होती. तिचं झाकण उघडून मी कोपरापर्यंत हात आत घातला, तळ घासला, पुसला आणि जाड गोंद पसरला. त्यात हवा राहून चालत नाही. एक बुडबुडा राहिला तरी आवाज तिथंच मरतो. बुडबुड्यांशी माझं वैर कवळ्यांच्या कामापासूनचं आहे. ट्रान्सड्यूसर हळूहळू फिरवत मी दाबत गेले.

लेक खांबाला टेकून उभी होती. "उलटी पडलेली म्हैस दिसत होती," ती एकदम म्हणाली. "तू दिसत नव्हतीस."

"मी पलीकडच्या बाजूला होते. म्हैस सुलटी करून चढत होते."

"मला काय माहीत?"

खरंच, तिला काय माहीत? मी हात दाबलेलाच ठेवला.

"घाबरलीस, हे मला सांगायचं होतंस," मी म्हटलं. "दुकानदाराला नाही."

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. कडाकडा भांडले असते. पण माझ्या पाठीमागं विकायला मी काही जुनं कपाट नाही."

"मी म्हैस विकत होते, तुला नाही."

"एकच आहे ते."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. गिऱ्हाईकच होतं, टेम्पो घेऊन आत्ताच न्यायला येऊ का, म्हणत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी कोपरापर्यंत म्हशीच्या पोटात.

"नको," ती फोनवर म्हणाली. "सध्या हलवता येणार नाही. गोंद ओला आहे."

ते 'सध्या' मी ऐकलं. ऐकून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी ती तलावावर आली आणि काठावर त्याच जागी उभी राहिली. गळ मी आणलेच नव्हते. पडदा लावला, आणि त्यावर तळाची रेघ स्वच्छ उमटली. म्हैस उलटली होती तिथंच मी सरळ गेले. छातीवरच्या पाणबंद पिशवीतला फोन वाजला.

"तिथंच आहेस ना? किती खोल आहे?"

कमरेएवढं आहे म्हणावं, असं अगदी जिभेवर आलं होतं.

"सव्वीस फूट."

मग तिनं विचारलं, "त्यातून वर कशी आलीस?"

"सांगून कळणार नाही. बघ."

"आई, नको."

"बघ म्हटलं ना."

फोन पिशवीत टाकला, लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले. वल्ह्याची दोरी बांधलेली आहे ना, ते पाहिलं. मग सगळं वजन एका अंगाला टाकून मी म्हैस माझ्याच हातानं उलटी केली. पाणी गारच होतं. खालून बाहेर आले, म्हैस सुलटी केली, आणि तिला वळसा घालून तिच्या काठाकडच्या अंगाला आले. या खेपेला मी लेकीच्या बाजूनं वर चढले.