नोएलचं खोटं आणि मी, पाच नंबरची काठी

बोलायचाही कंटाळा आलाय, पण ऐकणारं कुणी भेटलंय तर बोलते. मी गोल्फची काठी. पिशवीतली सगळ्यात लांब ती ड्रायव्हर. पहिला फटका तिचा, म्हणून तिचा तोरा दिवसभर उतरत नाही. मी तिच्या पाठची, पाच नंबरची. चेंडू गवतावर येऊन पडला आणि अजून बरंच लांब जायचं असलं की माझी आठवण होते. आम्हाला 'वुड' म्हणतात, म्हणजे लाकूड. माझ्या अंगात लाकडाची ढलपीसुद्धा नाही. डोकं पोलादाचं आहे, आणि तेही आतून पोकळ. पण नाव काय, लोक ठेवतील ते.

जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यातला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. ॲडलेडच्या एका दुकानात भिंतीला टेकून उभी होते, तिथं दातांच्या एका डॉक्टरनं मला उचललं. दुकानात जाळी बांधलेली असते, तिच्यात चेंडू मारून काठी पारखायची. त्यानं मारला आणि तो असा काही लागला, की गल्ल्यावरचा माणूस वळून बघायला लागला. "हीच!" म्हणाला डॉक्टर. तसा फटका त्याला पुन्हा कधी जमला नाही.

सगळ्या हौशी खेळाडूंची हीच रड असते. चेंडू हवेत जायला हवा, म्हणून ते मला खालून वर उचलायला जातात. अरे बाबांनो, चेंडू वर न्यायचं काम माझं आहे! माझ्या तोंडाला उतार दिलाय तो कशासाठी? तुम्ही आपलं खाली मारा. पण सांगायचं कुणाला, पालथ्या घड्यावर पाणी! मग चेंडू तरी सरपटतो, नाहीतर मी आधी जमिनीत रुतते आणि मातीचं ढेकूळ चेंडूपेक्षा लांब जातं. फटका लागला तर "मी मारला", नाही लागला तर "काठीच भिकार". नाचता येईना, अंगण वाकडं. डॉक्टरनं एकदा मला झाडावर फेकून मारलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं मला जुन्या कपड्यांबरोबर धर्मादाय दुकानात देऊन टाकलं, आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं.

त्या दुकानातून मला ग्वेन पॅस्को घेऊन आली, नवऱ्याच्या वाढदिवसाला. ॲडलेडच्या उत्तरेला, बार्लीच्या शेतांमधलं बूलकारा हे त्यांचं गाव. तिचा नवरा व्हर्न शाळेची बस चालवायचा. इथलं मैदान पाहून माझा जीव आधी दडपलाच होता. भोकाभोवती हिरवळ नाही, तेल पाजलेल्या काळ्या वाळूचा गोल आहे. खेळून झालं की ज्याचे पाय उमटले त्यानंच वाळू सपाट करायची. उन्हाळ्यात जमीन तापून फुटते म्हणून खेळ हिवाळ्यातच. झाडांवर काकाकुव्यांचा कलकलाट, आणि कावळे असे चोर, की चेंडू अंडं समजून घेऊन जातात.

पण व्हर्नच्या हाती माझे दिवस पालटले. तो मला उचलायचा नाही. विळ्यानं गवत कापावं तसा कमरेतून आखूड, सपाट घुमायचा आणि चेंडू बरोब्बर माझ्या तोंडाच्या मधोमध यायचा. तसा लागला ना, की मला काही जाणवतच नाही. काम झालं आणि कष्ट पडले नाहीत, एवढंच कळतं. वर्षानुवर्षं मी तेवढ्यावर सुखात होते.

मग ग्वेन गेली. आणि मागोमाग व्हर्नचे डोळे जायला लागले.

त्याचं दुखणं चमत्कारिक होतं. कडेचं थोडंफार दिसायचं. समोर, जिथं बघायचं तिथं, नुसता करडा धब्बा. लायसन गेलं, बस गेली. उरला शनिवारचा गोल्फ, तोही नोएलमुळं. नोएल शिर्मर म्हणजे त्याचा शाळेपासूनचा दोस्त. शेतकरी, भला थोरला देह, तोंडानं फाटका. दर शनिवारी तो पिकअप घेऊन दारात यायचा, व्हर्नला मैदानावर न्यायचा, चेंडूपाशी उभा करायचा, माझं डोकं स्वतःच्या हातानं चेंडूला टेकवायचा आणि बाजूला होऊन म्हणायचा, "हाण आता."

व्हर्न हाणायचा. "कुठं गेला रे?"

"मधोमध! काय मारलास म्हाताऱ्या! चल."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चाटच पडले. चेंडू माझ्या खालच्या कडेला लागला होता, दांड्यापर्यंत झिणझिण्या आल्या होत्या. तो डावीकडं कुंपणाच्या झुडपात गेला होता. नोएल लांब ढांगा टाकत पुढं गेला, बुटानं चेंडू झुडपातून बाहेर ढकलला, उचलला आणि मधोमध आणून गवताच्या एका गुबगुबीत झुबक्यावर ठेवला. आमच्याकडं हिवाळ्यात नियमच आहे, की चेंडू उचलावा, पुसावा आणि काठीभर अंतरात बऱ्या जागी ठेवावा; जमीनच तशी आहे, इलाज नाही. नोएलची काठी मात्र गरजेप्रमाणं लांब व्हायची. कधीकधी अख्ख्या बैलगाडीएवढी.

असं किती शनिवार चाललं. फटके बिघडत गेले आणि नोएलची तारीफ वाढत गेली. मी कंटाळले होते. वाईट लागायची मला सवय आहे, डॉक्टरच्या हाती दुसरं काय भोगलं! पण वाईट लागावं आणि वर शाबासकी ऐकावी, याचा शीण वेगळाच असतो.

एकदा मी क्लबच्या भिंतीला टेकून उभी होते. व्हर्न मोरीकडं गेला होता. क्लब म्हणजे पत्र्याची एक शेड, आणि तिथलं सगळं बघते ती रेलीन. बिअर देते, खिमा भरलेले 'मीट-पाय' भट्टीत गरम करते, सगळ्यांचे फटके मांडून निकाल लावते आणि सगळ्यांना झाडते. ती नोएलला म्हणाली, "किती दिवस करणार आहेस हे? अख्ख्या क्लबला माहितीये."

"असू दे माहिती. त्याला कळता कामा नये."

"का पण?"

"कळलं तर तो खेळ सोडेल. अन् खेळ सोडला तर घरी बसेल. ग्वेन गेल्यावर महिनाभर तो खुर्चीतनं उठला नव्हता, रेलीन. मी रोज जेवण घेऊन जायचो अन् कालचं तसंच उचलून आणायचो. परत नाही मला ते बघायचं."

रेलीननं बिअरचा ग्लास त्याच्याकडं सरकवला.

नोएलचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण तो एक गोष्ट विसरला. फटक्याची खबर डोळ्यांच्या आधी हातांना लागते. मला झिणझिण्या आल्या की त्या दांड्यातून सरळ व्हर्नच्या तळव्यात जायच्या. शिवाय नोएलची पावलं आधी कुंपणाकडं जातात आणि मग मधोमध येतात, हे काय त्याला ऐकू येत नव्हतं? त्याला पहिल्या दिवसापासून कळत होतं. दोस्ताचा हिरमोड नको म्हणून तो गप्प होता. दोघं एकमेकांना सांभाळत होते आणि मधे खेळ मरत होता. हळूहळू व्हर्ननं "कुठं गेला?" विचारणंही सोडलं. मला नुसतं फिरवायचा, आणि चालू लागायचा.

मग तो दिवस आला. शनिवारी ज्याचे फटके सगळ्यात कमी, त्याला मटण-सॉसेजचा भरलेला ट्रे मिळतो, ही आमच्याकडची जुनी रीत. नोएलनं व्हर्नचा चेंडू इतका पुढं पुढं सरकवला होता की हिशेब हाताबाहेर गेला आणि व्हर्न जिंकला. रेलीननं नाव पुकारलं. टाळ्या पडल्या, आणि जरा जास्तच पडल्या. लहान मुलानं कविता म्हणून दाखवल्यावर पडतात तशा. व्हर्न दोन्ही हातांत ट्रे धरून उभा राहिला. चेहरा लालबुंद झाला होता. "थँक्यू" एवढंच म्हणाला आणि ट्रे घेऊन पिकअपमध्ये जाऊन बसला.

पुढच्या शनिवारी तो येणार नाही असं मला वाटलं होतं. आला. सातव्या भोकापर्यंत गुमान खेळला. तिथं समोर ओढा आडवा येतो. एरवी कोरडा, पण त्या ऑगस्टात, आमच्याकडच्या हिवाळी पावसानं, चांगला भरून वाहत होता. त्याच्यावर फळ्यांचा एक अरुंद साकव आहे, पायी जाणाऱ्यांसाठी. चेंडू ओढ्याच्या अलीकडं होता. नोएलनं मला चेंडूमागं टेकवलं.

व्हर्ननं मला उचललं नाही. म्हणाला, "नोएल, आज खरं सांगायचं."

"म्हणजे? मी काय खोटं—"

"गप. डोळे गेलेत माझे, हात शाबूत आहेत. गेल्या शनिवारी याच हातांनी मी ते मटण घेतलं. कुत्र्याला घातलं सगळं, मला गिळेना. आज एकदा जरी खोटं 'मधोमध' म्हणालास, तर ही काठी ओढ्यात टाकीन आणि घरी जाईन. परत तुझ्या गाडीत पाय ठेवणार नाही."

भल्या थोरल्या नोएलची मान खाली गेली. त्याला ज्याची भीती होती तेच समोर येऊन उभं होतं. खोटं बोललं तरी दोस्त जाणार, आणि खरं बोललं तरी बहुधा जाणारच.

व्हर्ननं मारला. चेंडूचं टाळकं माझ्या कडेला लागलं, मला तर दात आपटल्यासारखं झालं.

नोएल बारीक आवाजात म्हणाला, "ओढ्यात."

"कसा गेला?"

"टणाटण उड्या मारत गेला अन् बुडाला."

व्हर्ननं मोठा श्वास सोडला. माझ्याभोवतीची त्याची बोटं सैल झाली. किती दिवसांनी! "दुसरा दे," तो म्हणाला.

दुसराही तसाच. "ओढ्यात," नोएल म्हणाला, आणि मग त्याला राहवलं नाही. "पहिल्यापेक्षा घाण! अरे गाढवा, डोकं का वर काढतोस? चेंडू कुठं गेला ते बघायला डोकं वर काढतात. तुला दिसत काही नाही, तर बघतोस काय?"

व्हर्न हसायला लागला. पोट धरून हसला, गुडघ्यांवर बसला, मला जमिनीत रोवून माझ्या आधारानं उठला आणि पुन्हा हसला. नोएलच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते हसण्याचं होतं की कशाचं, मला सांगता यायचं नाही.

"दे अजून एक," व्हर्न म्हणाला. "या वेळी खालीच बघतो. तेवढंच दिसत नाही, जेवढं वर दिसत नाही."

डोकं त्यानं खरंच खाली ठेवलं. तरीही फटका काही नीट लागला नाही. मी साक्षीला आहे. चेंडू जेमतेम वीतभर उडाला आणि गवत घासत सुटला.

"पलीकडं!" नोएल ओरडला.

व्हर्नचा चेहरा पडला. "खोटं बोललास."

"खोटं? अरे इतका भिकार फटका मी जन्मात पाहिला नाही! पोट घासत गेला, फळीवर चढला, साकवावरनं पायी चालत पलीकडं गेला. तुझी काडीची अक्कल नाही त्यात!"

व्हर्न थांबला. दोन वेळा "ओढ्यात" म्हणालेला माणूस तिसऱ्या वेळी "पलीकडं" म्हणत होता, आणि वर शिव्याही घालत होता. बातमी खरी वाटायला आणखी काय लागतं? त्यानं मला आडवी धरून दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं आणि अशी आरोळी ठोकून नाचला, की काकाकुव्यांचा थवाच्या थवा झाडावरून उडाला.

संध्याकाळी रेलीननं निकाल वाचला. "व्हर्न पॅस्को, शेवटून पहिला. तेही भरपूर अंतरानं. तू बस चालवायचास तेव्हा पोरं घरी पोचायची का रे?" अख्खी शेड हसली. टाळी एकानंही वाजवली नाही. व्हर्ननं दोन मीट-पाय मागवले आणि दोन्ही खाल्ले.

याला आता बराच काळ लोटलाय. माझ्या मुठीचं रबर झिजून गुळगुळीत झालंय, दांड्याला गंज चढलाय, तोंडावर इतके ओरखडे आहेत की मूळचे चर शोधावे लागतात. खरंच थकलेय. पिशवीतली ती ड्रायव्हर कधीच बाद झाली; व्हर्नला आता कडेचंही फारसं दिसत नाही, तो सगळीकडं मलाच वापरतो. विश्रांती म्हणून नाही. तुमच्या घरात माझी एखादी बहीण कोपऱ्यात पडून असेल, तर तिला उचलायला जाऊ नका, नुसतं खाली मारा. आणि सोबत्याचा चेंडू पाण्यात गेला, तर पाण्यात गेला म्हणा. चार शिव्या घाला हवं तर. माझं तेवढंच मागणं आहे.

गेल्या शनिवारी तर कहर झाला. साकव नाही, फळी नाही, पिशवीतला चेंडू न् चेंडू ओढ्यात गेला. नोएलनं प्रत्येकाची बातमी न लपवता दिली. रिकामी पिशवी आणि मला खांद्यावर टाकून दोघं पिकअपपाशी आले. नोएलनं दार उघडून धरलं, आणि व्हर्न आत बसता बसता म्हणाला, "पुढच्या शनिवारी लवकर ये रे. येताना चेंडू घेऊन ये."