डाव्या बाजूची कटिंग

पुतण्याच्या लग्नासाठी कापड घ्यायला सत्यशीला पुणतांब्याहून कोपरगावला गेली, तेव्हा काय घ्यायचं ते तिनं मनाशी पक्कं ठरवलं होतं. ऑपरेशनमध्ये डावा स्तन काढल्यापासून जुने ब्लाऊज त्या बाजूनं रिकामे लोंबत आणि सुजलेल्या दंडात बाही रुतायची. चकाकत्या कापडावर उणं-अधिक लगेच डोळ्यांत भरतं, म्हणून तिनं जाडसर, बारीक फुलांचं कापड निवडलं. आतून खिसा शिवून त्यात कापूस भरायचा होता, त्यासाठी अस्तराचं मऊ सुती कापड थोडं जास्त घेतलं.

घरी तिनं वर्तमानपत्रावर दोन बाजूंची वेगवेगळी कटिंग काढली. उजवीकडे छातीला उभार देणारे नेहमीचे टक्स, डावीकडे एकही नाही. गळा वर घेतला, बाही सैल सोडली. पहिल्या शिवणीत खांदा ओढला गेला, तो उसवत बसली असतानाच थोरली जाऊ विजयमाला, नवरदेवाची आई, कापडाचं बोचकं घेऊन आली.

"घरच्या समद्या बायकांचे ब्लाऊज एकसारखे करायचे. नेटचे, मागून गळा खोल. तूच शिव बाई, तुझ्यासारखा हात न्हाई कुनाचा."

सत्यशीलानं कापड उलगडून पाहिलं. "अक्का, यात माझा न्हाई बसत."

"तुझा धरलाच न्हाई गं. तुला नेट कशी चालंल? अन् फोटोत तू कशाला? पोरीकडची मानसं बघनार, इचारनार." मग ती जवळ सरकली. तोंडाला मिसरीचा वास येत होता. "दाव की एकदा. कसं दिसतंय गं? कुनाला सांगनार न्हाई." बोलता बोलता मिसरीनं काळपटलेल्या बोटांनी तिनं पदर बाजूला सारलाही.

एखादी पाल अंगावर पडावी तसा सत्यशीलानं तो हात झटकला आणि कापड बोचक्यात कोंबलं.

"घेऊन जावा. मी न्हाई शिवनार."

"एवढं काय झालं? बाईच हाय ना मी!"

रात्री जेवताना नवरा वाल्मिक म्हणाला, "शिवून दे की. वहिनीचा सभावच तसा हाय."

"पदर वढला त्यांनी माझा. तुमाला चालतं?"

तो भाकरी कुस्करत राहिला. ऑपरेशनपासून त्यानं तिच्याकडं धड पाहिलं नव्हतं. रश्श्यात बुडालेली त्याची बोटं बघून तिला त्याचीही किळस आली.

लग्नाला ती आपला ब्लाऊज घालून गेली. छान बसला होता. मांडवात बायकांच्या घोळक्यात विजयमालाचा हात मागून आलाच, थेट छातीवर. "काय भरलंस गं आत? कापूस?"

दोघी-तिघी फिसकन हसल्या. सत्यशीलानं ते मनगट घट्ट धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "व्हय, कापूस. कॅन्सर झाल्ता, छाती काढली. अक्काला बघायचंय. आनखी कुनाला बघायचंय का?"

हसणाऱ्या बायका साड्यांचे काठ निरखू लागल्या. नवरीची आई विहिणीकडं पाहत राहिली. विजयमालानं हात सोडवून घेतला आणि जेवणाच्या बाजूला निघून गेली.

सत्यशीला नळावर गेली. त्या मनगटाचा घाम तळव्याला चिकटल्यासारखा वाटत होता. साबण नव्हता, म्हणून जमिनीवरची माती घेऊन तिनं हात खसाखसा चोळून धुतला.