गच्चीखालची तुळई

मित्रांनो, कर्जतच्या बाजारात तांदळाची एक जुनी वखार आहे. तिची गच्ची मी पेलते. मी सागाची तुळई. मला दोन भिंतींवर चढवले, तेव्हा गावात वीज नव्हती.

पूर्वी गच्चीवर भात वाळत असे. हमाल पोती भिंतींलगत रचत, मध्ये कधीच नाही. मी करकरले की सगळे जागीच थांबत, मग एकेक जण भिंतीकडे सरके. कोंडाजी हमाल हे तरुणपणीच शिकला.

वखार बंद पडली. गळक्या गच्चीखाली मी कितीतरी पावसाळे भिजले. माझ्या एका टोकाला वाळवी लागली. गेल्या वर्षी मालक अजेय यांनी गच्चीवर हॉटेल थाटले आणि मला चकचकीत रंग दिला. वाळवीवरूनही तोच रंग फिरला. जिन्याकडे जाताना पाहुणे मान वर करून माझे कौतुक करत. म्हातारा कोंडाजी खाली राखणीला होता.

एका रविवारी दुपारी द्वारकाबाईंच्या पंचाहत्तरीला पन्नास पाहुणे जेवायला आले. जेवणानंतर मागे माथेरानचा डोंगर दिसेल असा फोटो काढायचे ठरले. द्वारकाबाईंची खुर्ची मधोमध ठेवून सगळे तिच्याभोवती दाटले.

माझे पोखरलेले टोक खचले. मी करकरले. वर गाणी चालू होती. खाली कोंडाजीच्या टोपीवर भुसा पडला.

तो धापा टाकत वर आला. अजेय यांनी त्याला जिन्यातच अडवले. पाहुण्यांसमोर तमाशा नको, म्हणाले.

"शेठ, तुळई बोलली," कोंडाजी म्हणाला. "मधे आमी एक पोतं ठेवत नव्हतो. तुमी पन्नास माणसं उभी केलीत."

अजेय यांनी गाणी बंद केली. माझा पुढचा आवाज सगळ्यांनी ऐकला. काही जण जिन्याकडे वळले.

"पळायचं नाय," कोंडाजी ओरडला. "एकेक जण भिंतीकडं सरका."

माणसे सरकली. मध्ये फक्त द्वारकाबाई उरल्या. दोन नातू त्यांना उचलायला निघाले.

"तिथंच थांबा," त्या म्हणाल्या. "तुमचं वजन कशाला आणखी? मी येते."

काठी टेकत त्या निघाल्या. त्यांचे प्रत्येक पाऊल मी मोजले. अकराव्या पावलाला त्यांचा हात भिंतीला लागला.

"फोटो राहिलाच की," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून गच्ची बंद आहे. माझ्याखाली लोखंडी खांब उभा आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूला रंग जरूर द्या. त्याआधी तिला ठोकून पाहा आणि तिच्यासोबत ज्याने आयुष्य काढले, त्याला विचारा. अजेय यांनी तेव्हा विचारले नव्हते. आता रोज सकाळी विचारतात, "मामा, काय म्हणतेय तुळई?"

कोंडाजी आधी जमिनीवर भुसा पडलाय का ते पाहतो. मग सांगतो, "गप हाय."