ढोलीतली बाळंतीण

माझे सासरे, शिरोळचे आदगोंडा पाटील, कोंडलेलं पाखरू दिसलं की खिशात हात घालायचे. जयसिंगपूरच्या बाजारात पिंजरे घेऊन बसणारे त्यांना लांबूनच ओळखायचे आणि भाव वाढवून ठेवायचे. आण्णा हूं की चूं न करता पिंजरा उचलायचे, गावाबाहेर आणून त्याचं दार उघडायचे आणि हात जोडायचे. आम्हा जैनांत याला अभयदान म्हणतात. माझ्या मते त्यानं पाखरं धरणाऱ्यांचाच धंदा चालायचा, पण हे मनातल्या मनात. सासऱ्यापुढं तोंड उघडायची आमच्याकडं रीत नव्हती.

नव्याण्णव सालच्या एप्रिलात आम्ही वेंगुर्ल्याला गेलो. आधीची दोन पोटातच गेल्यावर झालेली माझी त्रिशला तिथंच वर्षाची होणार होती. तिच्या वाढदिवशी एक तरी जीव मोकळा करायचा असा आण्णांचा नेम होता. वेंगुर्ल्याच्या बाजारात पिंजरे मिळतील असं त्यांनी गृहीत धरलं होतं. मिळाले ते मासे. नाकाला उपरणं लावून त्यांनी सगळा बाजार पालथा घातला आणि हात हलवत परत आले, ते थेट माझ्या नवऱ्यावर, श्रेणिकवर, घसरले. असलं कसलं गाव निवडलंस, म्हणाले, इथं सगळा मेलेलाच बाजार.

आम्ही उतरलो होतो ते पाहुणे ठेवणाऱ्या बयाबाईंच्या घरी. जांभ्या दगडाचं कौलारू घर, पुढं माड, मागं परसू. परसात एक जुना आंबा होता, फळ धरायचं सोडून दिलेला. मी मागच्या पडवीत पोरीला पाजत बसायचे, तेव्हा समोर तो आंबाच. पहिल्याच दिवशी त्याच्यावर एक पाखरू येऊन बसलं आणि मी पदर सावरायचा विसरले. घारीपेक्षा मोठं, अंगानं काळं-पांढरं, आणि पिवळी चोच केवढी, तर तिच्यावर आणखी एक चोच चिकटवल्यासारखी. उडालं की सुपात जोंधळा पाखडल्यासारखा आवाज. बयाबाईंनी नाव सांगितलं, धनेश. पुढं काही सांगणार तेवढ्यात त्यांचं दूध उतू गेलं, आणि मग आम्ही दोघी तो विषय विसरलो.

आंब्याच्या बुंध्यात उंचावर एक ढोली होती, चिखलानं लिंपून बंद केलेली. मधे उभी फट तेवढी राखलेली, आणि त्या फटीतून दुसऱ्या पाखराची चोच बाहेर यायची. बाहेरचा धनेश गळ्यातून एकेक उंबर वर काढायचा आणि त्या चोचीत ठेवायचा. एक झालं की मान हलवून दुसरं. गळ्यात किती साठवून आणलेली असायची कोण जाणे. सगळी देऊन झाली की भुर्र जायचा, आणि दिवस मावळायच्या आत पुन्हा एकदा यायचा.

ते मला ओळखीचं वाटलं. कारण मी तशीच राहिले होते.

त्रिशलाच्या वेळी डॉक्टरांनी पिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि पलंग सोडायचा नाही म्हणून बजावलं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारलेल्या. श्रेणिक साखर कारखान्यात, आणि उसाचा हंगाम जोरात. कामाच्या चिमणाबाई सकाळचा स्वयंपाक करून जायच्या. राहिलं संध्याकाळचं जेवण, आणि आमच्यात ते दिवस मावळायच्या आत व्हायला लागतं. ज्या माणसानं घरात कधी तांब्या भरून घेतला नव्हता, तो माणूस ऊन कलायच्या आधी शेतातून परतायला लागला आणि चुलीपुढं बसला. पहिल्या भाकरीचा नकाशा झाला होता. मी खाल्ली.

सुनेच्या खोलीत सासऱ्यानं पाऊल टाकायचं नसतं. म्हणून आण्णा सोप्यावरच्या खिडकीतून ताट द्यायचे. ते गजांतून आत येईना, तर त्यांनी करवत आणून मधला गजच कापून टाकला. आधी खोकायचे, तोंड अंगणाकडं फिरवायचे, मग हात आत. आणि भिंतीला सांगितल्यागत म्हणायचे, "जेवून घ्या म्हणावं." हंगाम संपेपर्यंत एक दिवस चुकला नाही. याबद्दल मी त्यांना काही म्हटलं नव्हतं. सासऱ्याला काय म्हणायचं असतं? रोज जेवून ताट खिडकीत ठेवायचं, एवढंच आमचं बोलणं.

वाढदिवसाची सकाळ उजाडली. श्रेणिक समुद्रावर गेला होता, बयाबाई देवळात. मी पोरीला न्हाऊ घालून बाहेर आले, तर आंब्याला शिडी लागलेली आणि शिडीवर आण्णा, हातात माड शिंपायच्या आळ्याजवळची लोखंडी पहार. त्यांना फटीतली चोच दिसली होती. आनंदानं त्यांचा चेहरा उजळला होता. अख्खा बाजार फिरून जे मिळालं नाही, ते घराच्या मागंच निघालं होतं.

"कुणा पाप्यानं लिंपून टाकलंय बघ," ते वरून म्हणाले. "नुसती चोच तेवढी भाईर हाय. जोडीदार बिचारा सारखा येतोय. जीव जाईल की तिचा."

त्यांनी पहार त्या चिखलाच्या भिंतीला टेकवली. एका दणक्यात ती फुटली असती. धनेश वरच्या फांदीवर येऊन कर्कश ओरडायला लागला, आणि तोही आपल्याला घाई करतोय असंच आण्णांना वाटलं असणार. आत काय आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण मला ठाऊक होतं. पोरीला काखेत मारून मी शिडीच्या पायथ्याशी धावले. डोक्यावरचा पदर कुठं गेला ते कळलं नाही.

"आण्णा, हात लावू नका तिला. तिला कुणी कोंडलेलं न्हाय. ती आपणहून बाळंतपणाला बसलीया."

ते गोंधळून खाली बघायला लागले. लग्न होऊन घरात आल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच अडवत होते.

"मी बी पडून होते की, आण्णा. तुम्ही खिडकीतनं ताट द्यायचा. तवा कुणी दया करून मला उठवून भाईर काढलं असतं, तर आज ही पोरगी दिसली असती का?"

पहार आण्णांनी हळूच काखेत धरली आणि कान ढोलीकडं नेला. मग तोंड माझ्याकडून फिरवून, सवयीनं, कुणा तिसऱ्यालाच सांगितल्यागत म्हणाले, "आत पिल्लं हायत. चिरचिरत्यात."

ते एकेक पायरी चाचपत खाली आले. पहार आंब्याला टेकवून ठेवली आणि तिच्याकडं बघवेना तसे बाजूला झाले. केवढं पाप होणार होतं, असं काहीतरी पुटपुटले. आम्ही पडवीपर्यंत मागं सरकलो तसा धनेश खाली आला, फटीशी जाऊन बसला आणि गळ्यातून उंबर काढून आत द्यायला लागला. आण्णा ते बघत राहिले. खिडकीच्या अलीकडचं त्यांना ठाऊक होतं, पलीकडचं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"एकटा आणतोय," ते म्हणाले. "आत तिला पुरतंय का न्हाय, ह्याला कसं कळावं?"

मी पोरीला त्यांच्या हातात दिलं. मग रीतभात सोडून, सरळ त्यांच्या तोंडाकडं बघत म्हणाले, "पुरलं, आण्णा. पोटभर पुरलं. तुमचे लई उपकार हायत."