सईचा दमा

दुसऱ्याचं चांगलं बघून पोटात दुखतं म्हणतात, ते खरं आहे. माझ्या धाकट्या बहिणीचं, सईचं, डोहाळजेवण होतं आणि हिरव्या साडीत ती अशी ऐसपैस बसली होती की मला बघवत नव्हतं.

मुलुंडला आईच्याच घरी कार्यक्रम होता. ओटी भरायला मी उठले, तर आधी लेकुरवाळ्यांना भरू दे म्हणून आईने मला मागे सारलं. माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली. मूल तर लांबच, देवव्रतने जवळ घेतलं की माझं अंग आखडतं आणि जीव जाईल इतकं दुखतं. घाटकोपरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. लहानपणी जे झालं ते शरीर अजून विसरलेलं नाही, म्हणाल्या. बरं होतं, पण वेळ लागतो. मनात कोंडून ठेवू नका, हेही सांगितलं. देवव्रतला मी सांगितलं होतं. आता आईला सांगायचं होतं. तिने एकदा जवळ घ्यावं, एवढंच मला हवं होतं.

दर मे महिन्यात मला कुडाळला जयवंतमामाकडे धाडायचे. नवव्या वर्षापासून चार सुट्ट्या. सई आधी लहान म्हणून आणि पुढे दमा म्हणून घरी राहून आंबे खायची. मी देवाकडे दमा मागायचे, इतका मला तिचा हेवा वाटायचा.

पाहुणे गेले. सई आत जाऊन आडवी झाली. आई पेढा-बर्फी झाकलेल्या वाट्या आवरत होती, तेव्हा मी मामाचं नाव घेऊन सगळं सांगितलं. ती रडेल किंवा मला खोटं पाडेल, असं वाटलं होतं. तिने वाट्या एकात एक घातल्या.

"सईला नाही ना पाठवलं मी," ती म्हणाली. "दमा कसला गं? साधा खोकला होता."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"दुसऱ्या वर्षी तू आलीस ती गप्पच. आलं माझ्या लक्षात."

"मग मला का पाठवत राहिलीस?"

"दोघींना थांबवलं असतं तर जयवंतदादाला काय सांगितलं असतं?"

एका घरात दोघी वाढलो, पण आई तिला एकटीलाच होती. एवढा हेवा मला सईचा आयुष्यात कधी वाटला नव्हता. तरी मी नारळ आणि तांदूळ घेतले. आई नको म्हणत असताना आत गेले, सईला उठवून बसवलं आणि तिची ओटी भरली. मग तिच्या शेजारी बसून तिला तिच्या दम्याबद्दल सांगायला लागले.