स्वस्तातला समुद्र

"वर्षभर धरा," डॉक्टर म्हणाले. "कमीही असू शकतं." आणि मग रुमाल काढून स्वतःचा चष्मा पुसायला लागले. माझ्यासमोर! शिकून अक्कल येते असं कुणी म्हणालं की मला तो रुमाल आठवतो.

माझ्या डोळ्यांचं आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येमध्ये कुणी हळहळायला नको. लहानपणी मोतीबिंदू होता. तो काढला, पण तेव्हा आत भिंग बसवलं नाही. त्यामुळे नाकावर बशीसारख्या फुगीर काचांचा चष्मा आला तो कायमचा. चष्मा काढला की समोर माणूस उभाय की कपाट, हेही मला कळत नाही. मोठेपणी काचबिंदू झाला. तो नजर कडेकडेने खातो. आता समोर थाळीएवढं गोल उरलंय, बाकी काही नाही. दोन ऑपरेशनं झाली. तिसऱ्याला डॉक्टरच नको म्हणाले. थेंब घालते, पण ते वरातीमागून घोडं.

त्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत टीव्ही आहे. आवाज बंद, आणि दिवसभर समुद्राच्या तळाचं चित्र चालू. डोळ्यांच्या दवाखान्यात! तिथे बसलेल्या निम्म्या लोकांना भिंत कुठेय ते दिसत नाही आणि हे त्यांना मासे दाखवतात. त्या दिवशी मी बाहेर येऊन बसले. एक चपटा मासा माझ्या थाळीत आला, तोंड उघडबंद करत थांबला आणि निघून गेला. मी नवऱ्याला म्हटलं, "मला हे बघायचंय."

"बघतेयस की."

"टीव्हीत नाही हो. खरं. पाण्यात तोंड घालून."

नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. पुढे गार हवेत टाय लावलेली पोरं गिऱ्हाइकाला आरसा दाखवतात. हा मागच्या खोलीत, पाण्याच्या धारेखाली चाकावर भिंग धरून उभा असतो. दुकानातले त्याला भिंगशेठ म्हणतात. शेठ कसला, चप्पल तीन वेळा शिवलेली. पण माझा चष्मा पहिल्यांदा तुटला तेव्हा त्यानेच बनवून दिला होता, आणि दुरुस्तीला म्हणून इतक्या खेपा घालायला लावल्या की शेवटी लग्नच झालं.

त्याने टीव्हीकडे एकदा बघितलं. मग म्हणाला, "बघू."

आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही. पण या वेळी त्याने खरंच बघितलं.

आम्ही सहलीवाल्यांच्या ऑफिसात गेलो. भिंतीवर निळं पाणी, पांढरी वाळू आणि दात दाखवणारी जोडपी. तिथल्या पोराने समजावलं, याला स्नॉर्कलिंग म्हणतात. डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी. पाण्यावर पालथं पडायचं आणि खाली बघायचं. खोल जावं लागत नाही. मग त्याने आकडा सांगितला. मी विचारलं, "समुद्र विकत मिळतो का यात?" तो हसला नाही. आमचे पाय त्याच्या गालिच्यावर होते, त्याचं लक्ष तिथे.

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "बेट काय याच्या बापाचं नाही. आपलं आपण जाऊ."

मग आमचं स्वस्तातलं गणित सुरू झालं. विमान नको, सामान नेणारी बोट आहे, तिच्या डेकवर माणसंही घेतात. हॉटेल नको, बेटावर एक होडीवाला राहतो, त्याची बायको मागची खोली देते. खाणं घरून न्यायचं. आणि मी माझी शिवणाची मशीन विकली. सुईत दोरा जात नव्हता, मशीन काय शोभेला ठेवायची? न्यायला आलेला माणूस तिला तेल घालता का, विचारत होता. मी आतल्या खोलीत जाऊन बसले.

होडीवाल्याच्या बायकोला फोन लावला. ती बाई सरळ होती. "आत्ता नका येऊ ताई. या दिवसांत समुद्र ढवळलेला असतो. कधी दिसतं, कधी स्वतःचा हात दिसत नाही."

"मग कधी यावं?"

तिने महिने सांगितले आणि त्या महिन्यांतलं खोलीचं भाडं सांगितलं.

"आत्ताच येतो," मी म्हटलं.

"दिसलं नाही तर मला बोलायचं नाही हं!"

गरिबाला समुद्रसुद्धा गढूळ झाल्यावरच परवडतो. लिहून ठेवा कुठेतरी.

वन्संना कळलंच. माझी नणंद खालच्या मजल्यावर राहते आणि तिच्या कानाला माझ्या डोळ्यांची ताकद मिळालीय. वर आली, दारातच सुरू झाली. "मासे बघायला मशीन विकली? बाजारात काय मासे नसतात?"

"ते मेलेले असतात, वन्सं."

"मग जिवंत मासे काय तुला ओळखणारेत? त्या पैशात मोठ्या डॉक्टरला दाखव. माणसाने आशा सोडू नये."

"तीन मोठे झाले. आशा तुमची, डोळे माझे."

"बघ रे बाबा हिची जीभ!" ती भावाकडे वळली. तो खाली बघून डबा घासत होता. डबा स्वच्छ होता.

पोहायचं मला येत नव्हतं. गावच्या पोहण्याच्या तलावावर शिकवणारी एक बाई आहे, गळ्यातली शिट्टी तोंडातून काढतच नाही म्हणून तिला सगळे शिट्टीबाई म्हणतात. दुपारी तलाव रिकामा असतो, तेव्हा ये म्हणाली. "पोट सोडा, काकू! पोट आवळून कुणी तरंगलंय का? मेलेल्या माणसासारखं पडा. तो बघा कसा आरामात तरंगतो!" मला पाण्यात काही दिसत नव्हतं, चष्मा काठावर. आवाजाच्या दिशेने पडायला शिकले.

राहिला मास्क. पाण्यात चष्मा चालत नाही, कडेतून पाणी आत येतं. टाके घातलेल्या डोळ्यांवर चिकटवायच्या लेन्सही चालत नाहीत. माझ्या नंबरचा मास्क बनवून मिळतो, पण त्याच्या किमतीत दोघांचा प्रवास होतो. नवरा छाती काढून म्हणाला, "मग मी कशाला आहे?"

असल्या जाड काचा आता कुणी वापरत नाही, कंपनी त्या मागवल्याशिवाय पाठवत नाही. त्याने माझ्या पुढच्या चष्म्यासाठी एक जोडी दुकानात कधीची जपून ठेवली होती. ती काढली. एक स्वस्त मास्क आणला, त्याच्या दोन्ही सपाट काचा उचकटल्या आणि त्या जागी ही भिंगं घासून बसवली. फुगीर बाजू बाहेर, सपाट बाजू डोळ्याकडे. जगातला कुठलाही चष्मेवाला अशीच बसवतो, उलटी बसवली तर पापण्यांना घासते. गोंदाचा एक थर, वाळला की दुसरा.

घरात मी तो मास्क घालून विजेच्या मीटरवरचे बारीक आकडे वाचले. नवऱ्याने अक्षरशः उडी मारली. या माणसाला मी उडी मारताना कधी पाहिलं नव्हतं. खालून वन्संनी छताला काठी ठोकली.

गोंद नीट वाळायची वाट बघण्यात दिवस गेले. बोट सुटायच्या आदल्या दुपारी आम्ही तलावावर गेलो. शिट्टीबाई काठावर उभी. मी मास्क चढवला, तिच्या शिट्टीवरचा गंज मला दिसला. म्हटलं, वा! पालथी पडले.

पाण्याखाली दूध होतं.

फरशी नाही, रेघा नाहीत, माझे हात नाहीत. नुसतं निळसर दूध. वर्ष म्हणाला होता ना तो मेला डॉक्टर? आजच संपलं? मी धडपडत उभी राहिले. तोंड वर आलं तर शिट्टीबाई लख्ख दिसतेय, गंजासकट. पुन्हा खाली गेले. दूध. वर, शिट्टी. खाली, दूध. तिसऱ्यांदा वर आले तेव्हा मी ओरडत होते, काय ओरडत होते ते नाही सांगता यायचं.

नवऱ्याने कपड्यांसकट पाण्यात उतरून माझ्या डोक्यावरून मास्क ओढून काढला. पायरीवर बसला आणि मास्क हातात धरून पाण्यात बुडवला. कडेने बघत राहिला. वर काढला, परत बुडवला. हे शिट्टीबाईने नंतर सांगितलं; मला काही दिसत नव्हतं, नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता.

"फुगा जातोय," तो म्हणाला.

"काय?"

"अगं, भिंगाचा फुगा. हवेत आहे, पाण्यात नाही. काच पाण्याला टेकली की तिचा जोरच संपतो. निम्म्याहून जास्त नंबर पाणी खाऊन टाकतंय." त्याचा आवाज चिरकला. "बाहेरून सपाट पाहिजे होती. पाण्याला सपाट काच लागते. जन्मभर हवेसाठी काचा घासल्या मी. पाण्याचा विचारच केला नाही. मूर्ख! गाढव!" आणि तो स्वतःच्या तोंडात मारायला लागला. शिट्टीबाईने हात धरला त्याचा.

घरी आलो. बोटीचे पैसे परत मिळत नाहीत. पुढच्या बोटीला पैसे नाहीत. पुढच्या वर्षी डोळे नाहीत. तो ओल्या कपड्यांनी जमिनीवर बसला होता; रागाने उचकटताना मास्कमधली दोन्ही भिंगं तडकली होती. वन्सं वर आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "मी सांगत नव्हते? नशिबातच नाही तर—"

"वन्सं, खाली जा," मी म्हटलं. "नाहीतर मी ढकलीन, आणि मला जिना दिसत नाही म्हणून सांगीन."

त्या गेल्या.

शिट्टीबाईने निघताना तलावाच्या कपाटातला एक जुना मास्क दिला होता. काळा, रबरी, खोलगट, समोर साधी सपाट काच. तो माझ्या मांडीवर होता. मी बोटांनी आतली जागा मापत होते. मापत होते आणि मला राग येत होता, की एवढं सोपं आहे.

"अहो, याच्या आत बसेल का?"

"काय?"

"माझा चष्मा. पाणी बाहेरच्या सपाट काचेला लागेल. आत हवाच की."

तो उठला. मास्क हातात घेतला, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, परत मास्ककडे. "फ्रेम जाणार नाही. नाकापाशी अडेल. काचा काढून कडा घासाव्या लागतील, मग आत चिकटवायच्या." मग त्याच्या लक्षात आलं. "छे! वेडी आहेस का? चष्मा हा एकच उरलाय. नवीन काचा मागवल्या तर महिना लागेल. या एकदा घासल्या की कुठल्याच फ्रेममध्ये बसणार नाहीत. महिनाभर तू घरात कशी वावरशील? बोटीत कशी चढशील?"

"तुमचा हात धरून."

"आणि आत्ता बघायचे जे दिवस उरलेत, त्यातला महिना असाच घालवायचा?"

"कोणता महिना, आणि काय बघायचं? ही मोरी? तुमच्या बहिणीचं तोंड?"

"मी आधीच एकदा चुकलोय," तो हळू म्हणाला. "पुन्हा चुकलो तर?"

"तर अर्धा आंधळेपणा उधार का ठेवायचा, पूर्णच घेऊ." मी चष्मा काढला आणि त्याच्या ओल्या हातावर ठेवला. खोली विरघळली. "घासा."

त्याच्याकडे घरी जुनं हातचाक आहे. मी बाजूला बसून त्यावर पाणी सोडत राहिले, दिसत नव्हतं तरी. काच चाकाला लागली की किरर्र आवाज होतो. मधूनच आवाज थांबायचा, तेव्हा तो डोळे पुसत असणार.

दुसऱ्या दिवशी बंदरावर मी मास्क घालूनच गेले. दुसरं दिसायला होतं काय? फळी अरुंद, खाली तेलकट पाणी. रांगेतला एक माणूस ओरडला, "काकू, बोट बुडणारे का?" सगळे खिदळले. मी म्हटलं, "बुडाली की पहिली तुम्हालाच हाक मारते." आत वाफ धरत होती, तरी मी तो डेकवर बसेपर्यंत काढला नाही. हसा लेको.

बेटावर पहिल्या दिवशी समुद्र होडीवाल्याच्या बायकोने सांगितल्यासारखाच होता. मी पालथी पडले, नवरा होडीतून हात धरून. पाणी आत आलं नाही. आतल्या काचा चालत होत्या, माझी बोटं, नखं, नखांतली घाण, सगळं स्वच्छ. आणि बोटांच्या पुढे चिखल. दुसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी नवऱ्याने डब्यातलं खाल्लं नाही.

शेवटच्या सकाळी होडीवाला म्हणाला, "ताई, उगाच गारठाल. आजही काही नाही."

"मला पाण्यात सोडा आणि तुम्ही विडी ओढा," मी म्हटलं.

बराच वेळ नुसतं गढूळ. नळीतून माझाच श्वास घरघरत होता. मनात शिव्या चालल्या होत्या. डॉक्टरला, सहलीवाल्याला, ज्याने माझ्या लहानपणी डोळे कापले त्याला, समुद्राला. मग लाट मागे गेली आणि मधला गाळ बाजूला सरला. खाली दगड होता. दगडावर मासा होता.

मातकट रंगाचा, बोटाएवढा. अंगावर काही नक्षी नाही. कल्ले हलत होते. एक डोळा माझ्याकडे होता, त्याभोवती बारीक सोनेरी कड. मला ती कड दिसली. मी श्वास धरला, तर तो थोडा पुढे आला, दगडावरचं काहीतरी खाल्लं, थुंकलं, परत खाल्लं. त्याच्या पोटाखालून प्रकाश जात होता. मी एवढी रडले की मास्कमध्ये पाणी आलं, आतून.

वर आले. नवऱ्याने हात घट्ट धरला.

"एक आहे," मी नळी काढून म्हटलं. "खातोय."

होडीवाल्याने आकाशाकडे बघितलं. "वारा उठतोय. निघायचं?"

"थांबा जरा," नवरा त्याच्यावर खेकसला. मी आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणावर खेकसताना ऐकलं. "तिचं बघून होऊ दे."

मी मास्कमधलं पाणी सांडलं, नळी दातांत धरली आणि परत तोंड खाली घातलं.