ताटात ठेवलेली भाकरी

जाड माणसं काय, कधी आणि का खातात, हा आमचा अभ्यास. पाच देशांत चालू होता आणि प्रश्न सगळीकडे तेच. "उदास असताना जास्त खाता का?" वळसंग गावच्या उन्हात दारोदार हे विचारून माझं तोंड दुखायला लागलं होतं. बायका माझ्याकडे नुसत्या बघायच्या आणि चहा ठेवायला उठायच्या.

सारजाबाईंना मात्र उत्तर हवं होतं. त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आधी दहा किलो उतरवा, मग ऑपरेशन. वजन काही हलेना.

"ताई, तुमीच हुडका आता. मी अर्दी भाकरी खाती, देवाशपथ."

मला खोटं वाटलं. जाड माणसाच्या शपथेवर कुणाचाच विश्वास नसतो. मीही काही काडीपैलवान नाही, तरी माझाही नव्हता. म्हणून एका दुपारी त्यांच्याच घरी ठाण मांडून बसले.

नवरा कोंडीबा आणि मुलगा जेवून उठले, मागून सून जेवली. बाईंनी ताटं गोळा केली आणि उभ्या उभ्याच सगळ्यांतलं उरलेलं खाऊन टाकलं. नवऱ्याच्या ताटात तर अख्खी भाकरी, शेंगाचटणी आणि वाटीभर आमटी होती. मग त्या खाली बसल्या आणि टोपल्यात उरलेली अर्धी भाकरी खाल्ली.

"आणि मघाशी उभ्यानं खाल्लंत ते?"

"ते व्हय? ती आवराआवर की. जेवण कुटं हाय ते?"

मी कपाळाला हात लावला आणि बाहेर कोंडीबांना गाठलं. "मामा, ताटात एवढं टाकता कशाला?"

"टाकत न्हाय, ठिवतो," ते म्हणाले. "सोताच्या नावाची भाकरी ती थापतच न्हाय. लगीन झाल्यापासनं ठिवतो. पोराला बी मीच सांगितलंय."

मला राग आला आणि गलबलूनही आलं. सगळ्या घराची माया त्या बाईच्या गुडघ्यांवर बसली होती.

"ऑपरेशन व्हायला हवं ना? मग ठेवू नका. सूनबाई त्यांच्यासाठी वेगळी भाकरी करतील, मोजून."

त्यांनी दारातून आत चुलीकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. कोंडीबांनी ताट बोटानं पुसून स्वच्छ केलं. मुलानंही केलं. सुनेनं सासूसाठी गरम भाकरी आणि भाजी वाढून ठेवली होती. सारजाबाई भिंतीला धरत आल्या, त्या वाढलेल्या भाकरीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. नवऱ्याचं ताट उचललं आणि तशाच उभ्या राहिल्या.

"आवो," त्या हळूच म्हणाल्या, "आज माजं काय चुकलं?"

कोंडीबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी टोपल्यातली भाकरी काढली, अर्धी मोडली आणि बाईंच्या हातातल्या रिकाम्या ताटात ठेवली.